बिनखिशाचे आण्णा

आण्णांच्या शर्टाला खिसा नव्हता. एखाद्या शर्टाला नव्हता असं नाही, एकाही शर्टाला नव्हता. विट्यात घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. पेन कानावर, चष्मा कपाळावर आणि मोबाईल हातात, असा हा माणूस दिवसभर तिथं येरझाऱ्या घालायचा. कुणी म्हणायचं कंजूषपणा, कुणी म्हणायचं नवस बोललाय. मी लोणंदची, लग्न होऊन विट्यात आलेली. मला वाटलं, असेल एकेकाची खोड. खोड नव्हती ती. पण ते पुढं कळलं.

त्यांच्याकडं मी एडिटिंगचं काम मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझं सर्टिफिकेट बघितलंसुद्धा नाही.

"म्हायेर कुठलं गं?"

"लोणंद."

"मग कांदा कळत असंल तुला. वरनं बगून सांगशील का, आतनं कुजलाय का न्हाई?"

आता मी लोणंदच्या बाजारात लहानाची मोठी झालेली. म्हटलं, "वरनं नाही कळत आण्णा. देठापाशी दाबून बघावं लागतं."

"ये मग उद्यापास्नं. वरनं कळतंय म्हणाली असतीस तर वाटंला लावली असती."

झालं, एवढीच परीक्षा. त्या दिवसापासून मी 'लोणंदकरीण'. माझं नाव त्यांना आजही माहीत आहे की नाही, मला शंका आहे.

शंका म्हटलं की आण्णाच आठवतात. या माणसाचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. मोबाईलवर पाऊस दाखवला की म्हणायचे, "ह्याला कुणी सांगितलं?" चहा लवकर आला तर कालचाच उकळलाय, उशिरा आला तर टपरीवाल्याचा आपल्यावर राग आहे. कुणी फार गोड बोललं की ते दोन पावलं मागं सरायचे. नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी "तुमच्या मनानं करा आण्णा, तुम्हाला काय सांगायचं" असं म्हटलं, तर त्या रात्री त्यांना झोप यायची नाही. सांगलीचा एक डीलर त्यांना कॉम्प्युटरचे पार्ट द्यायचा. त्याच्याकडं काही दुरुस्तीला पाठवायचं झालं, तर आण्णा आधी काकूंचं नेलपॉलिश मागून घ्यायचे आणि त्या पार्टच्या कडेला बारीक टिकली लावायचे. का, तर आपला पार्ट बदलून दुसराच गळ्यात मारायला नको. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, "माज्या नखांना कवा लावलं न्हाई, पर त्या पत्र्यास्नी सजवून ठिवलंय ह्या बाबानं."

टेबलावर कीबोर्डच्या शेजारी काचेच्या पेटीत एक तराजू असायचा. सोनं तोलायचा, नाजूक, पितळी पारड्यांचा. त्याची गोष्ट सांगायची तर आधी गलाई सांगायला पाहिजे. आमच्या विट्याकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात. देशातल्या कुठल्याही शहरात जा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एखादं काळवंडलेलं दुकान असतं, आत भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपाशी आपल्याकडचा कुणीतरी बसलेला असतो. सोनारांकडचं जुनंपानं सोनं आणायचं, वितळवायचं, शुद्ध करून परत द्यायचं. आण्णा तरुणपणी थोरल्या भावाबरोबर तामिळनाडूत हेच करायचे. ते सोडून गावाकडं आले आणि शूटिंगच्या धंद्यात पडले. भट्टी सुटली, पण तराजू सुटला नाही.

बाजारात खोटे पेन ड्राइव्ह येतात, ते हलके असतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. मग नवा पेन ड्राइव्ह आला की तो तराजूत. एकदा मी एका लग्नाची फिल्म पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो पुन्हा तराजूत घातला. भिंग लावून काटा बघितला.

"मोकळा हुता तवाबी एवढाच हुता."

"आवं आण्णा, फिल्मला वजन नसतं."

"समदं लगीन ह्यात भरलं म्हणतीस. जेवणावळी, घोडा, नवरा, त्यो जाड मामा. आन् काटा हालंना?"

मस्करी करत होते की खरंच विचारत होते, देवाला माहीत. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मी हसले तर माझ्याकडं असं बघितलं, की घोड्यासकट सगळं लग्न मीच ढापलंय.

दुसरी त्यांची सवय म्हणजे काही पुसायचं नाही. गलाईच्या दुकानातली जमीन झाडली तर ती धूळसुद्धा टाकत नाहीत, तिच्यातनं सोन्याचे कण निघतात. आण्णांनी तोच कायदा स्टुडिओला लावला होता. आम्ही फिल्ममधून जे कापून टाकायचो, हललेलं, अंधारातलं, कुणाचं डोकं मध्ये आलेलं, ते सगळं 'धूळ' नावाच्या फोल्डरात जायचं. हार्ड डिस्क भरली की फराळाच्या डब्यात. लाडवाच्या डब्यात एका तालुक्यातली लग्नं, चकलीच्या डब्यात दुसऱ्या. काकूंना दिवाळीला दरवर्षी नवे डबे घ्यावे लागायचे.

असा सगळा कारभार सुरळीत चाललेला. आणि मग एक दिवस स्नेहलचा फोन आला.

स्नेहल म्हणजे आण्णांच्या थोरल्या भावाची, दादांची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. गलाईवाल्यांची लग्नं गावाकडंच होतात, मे महिन्यात सगळा गोतावळा गाड्या भरभरून येतो. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. ती म्हणाली, "काका, शूटिंग तुम्हीच करायचं. तुम्ही करणार नसाल तर मला शूटिंगच नको."

"दादा काय म्हणतोय?"

"पप्पा हो म्हणाले नाहीत. नाहीपण म्हणाले नाहीत."

आण्णांनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तेव्हा काकूंनी मला खिशाची गोष्ट सांगितली.

दोघं भाऊ एकत्र दुकान चालवत होते. एका मोठ्या सोनाराचं सोनं गाळायला आलं होतं, भट्टीवर आण्णा होते. माल निघाला तो वजनात कमी भरला. आता सोनं गाळलं की मळ आणि भेसळ जळते, वजन थोडं उतरतंच. त्याला घट म्हणतात. घट धरूनच व्यवहार करायचा, हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी दादांनी ती धरली नाही. दोनदा तोललं, आणि त्या सोनारासमोर, दुकानातल्या गड्यांसमोर सख्ख्या धाकट्या भावाला म्हणाले, "खिसे उलटे कर."

आण्णांनी केले. शर्टाचे केले, पँटीचे केले. एक रुमाल निघाला आणि काडेपेटी. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गावाकडं आले ते पुन्हा त्या शहरात गेले नाहीत. आल्यावर पहिलं काम म्हणजे काकूंना कात्री मागितली आणि होते तेवढ्या शर्टांचे खिसे उसवून काढले.

"तवापास्नं दोघंबी एकमेकांशी बोललं न्हाईत गं," काकू म्हणाल्या. "आन् आता ही पोरगी."

आण्णा आत आले आणि म्हणाले, "घ्या कॅमेरे पुसायला. जायाचं."

लग्नात दादा मला पहिल्यांदा दिसले. धिप्पाड, डोक्याला केशरी फेटा, सगळीकडं हुकूम सोडत फिरणारे. आण्णांच्या समोरून चार वेळा गेले असतील, पण नजर अशी, की तिथं आण्णा नाहीत, खांब उभा आहे. आण्णाही काही कमी नाहीत. डोळा कॅमेऱ्याला लावला तो पोरगी सासरी जाईपर्यंत काढला नाही. जेवायलासुद्धा बसले नाहीत. मला राग आला दोघांचाही. म्हातारी होत आलेली माणसं, आणि लहान पोरांसारखी कट्टी.

लग्नानंतर दादांचं कुटुंब काही दिवस गावातच राहणार होतं, मग ट्रॅव्हल्सनं परत. जायच्या आधी फिल्म हातात पाहिजे, असं स्नेहल सांगून गेली होती. नेटवरून पाठवायचं आण्णांनी साफ नाकारलं. वाटेत कोण उघडून बघेल, याचा काय भरवसा! मी कापाकापी उरकली, गाणी लावली, नावं टाकली. शेवटचं काम तेवढं राहिलं. सगळ्या तुकड्यांची मिळून एक फाइल काढायची. एन्कोडिंग हे त्याचं पुस्तकातलं नाव, आम्ही रेंडर मारणं म्हणतो. आणि नेमका त्याच दिवशी लाइटीचा खेळ झाला. लाइट गेली, आली, गेली, आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागून जळकट वास आला. ग्राफिक्स कार्ड गेलं होतं.

आण्णा त्या कार्डाला 'इंजिन' म्हणायचे. महागातलं, वेगळं घेऊन बसवलेलं, रेंडरचा सगळा भार त्याच्यावर. लगेच नेलपॉलिशची टिकली लावून ते सांगलीला गेलं. सांगलीचा डीलर म्हणाला, लग्नसराई संपल्यावर बघू. कार्डाशिवाय रेंडर लावून बघितला तर कॉम्प्युटर असा तापला आणि असा रखडला, की दादांची गाडी तामिळनाडूत पोचली असती तरी आमची फिल्म निघाली नसती.

आण्णांचा चेहरा उतरला. "येळंवर दिली न्हाई तर त्यो म्हणंल, ह्येचं काय खरं नव्हतंच. आन् कमी-जास्त दिली तर म्हणंल, तवा सोनं खाल्लं, आता फिल्म खाल्ली."

एवढंच त्यांच्या जिवाला लागलेलं होतं. फिल्म चांगली व्हावी, लोकांनी वाहवा करावी, तसलं काही नाही. दादांना 'खाल्ली' म्हणायला जागा राहायला नको.

मला तेव्हा एक आठवलं. आमच्या मशीनच्या प्रोसेसरमध्ये त्याचं स्वतःचं एक छोटं ग्राफिक्स असतं. मोठं कार्ड बसवल्यापासून त्याला कुणी विचारलंच नव्हतं. कॉम्प्युटरच्या मागं मदरबोर्डाचं जे कनेक्शन असतं, त्याच्यावरची काळी टोपीसुद्धा आम्ही कधी काढली नव्हती. ती काढली, स्क्रीनची केबल तिथं लावली, लागणारं सॉफ्टवेअर टाकलं, आणि रेंडरच्या सेटिंगमध्ये हे काम आतल्या ग्राफिक्सकडं दिलं. आण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. काकूंनी चहा टाकला. चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, आणि फिल्म निघाली.

मी टाळी वाजवली. आण्णांनी नाही.

"कुणी केलं ह्ये?"

"प्रोसेसरच्या पोटातच असतं आण्णा. इतके दिवस नुसतं बसून होतं."

"बसून हुतं? आन् आता एकदम उठून एवढं काम केलं? फुकाट?"

"फुकटच. प्रोसेसरबरोबर येतंच ते."

"फुकाट राबणारी मानसं लय बगितल्यात म्या. त्येंचा डोळा दुसऱ्याच कशावर तरी असतोय." मग खुर्ची ओढून बसले. "रॉ माल केवढा हुता?"

"कॅमेऱ्यातला? अख्खी हार्ड डिस्क."

"आन् ही?"

"ही पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसेल."

"मग बाकीचा माल कुठं गेला?"

मी समजावलं. आवाज न चढवता समजावलं, हे विशेष. म्हटलं, मांडवाचा मागचा पडदा दर क्षणाला तोच असतो. तो पुन्हापुन्हा कशाला लिहून ठेवायचा? एकदा लिहायचा, आणि पुढं काय हललं तेवढंच लिहायचं.

"आन् हालत न्हाई, गप उबं असतंय, त्येचं काय?"

"ते आधीसारखंच धरायचं."

"अंधारात हाय त्येचं?"

"ते जरा पुसट होतं. पण माणसाच्या लक्षात येत नाही."

"कुठल्या मानसाच्या?"

"आवं, कुठल्याही!"

"ह्यानं माल खाल्लाय," आण्णा म्हणाले. "वजन घटलंय म्हंजे खाल्लाय. लवकर झालं तवाच वळाखलं म्या. दुसरी काढ."

तिथं माझं डोकं फिरलं. दोन दिवस मान मोडून काम केलेलं, वर हे. मी म्हटलं, "वजन घटलं म्हणजे चोरीच झाली का हो? मग तुमच्या दादांनी तुमच्या बाबतीत दुसरं काय केलं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. आण्णा उठले आणि मोरीवर जाऊन विसळलेले कप पुन्हा विसळत बसले. बोलायचं ते मी बोलून गेले होते, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आण्णा माझ्या आधी हजर. पुढ्यात सोनाराचं भिंग.

"तू म्हणालीस ते खरं असंल," ते म्हणाले. "पर घट जळाली का कुणी नेली, ह्ये राख बगितल्याबिगर कळत न्हाई. दादानं राख बगितली न्हाई. म्या बगणार. लाव."

मी फिल्म लावली. हा माणूस स्क्रीनला नाक टेकवून, भिंग धरून, हळदीपासून एक एक कोपरा बघत बसला. नवरा-नवरीकडं बघतच नव्हता. पडद्याच्या घड्या बघ, खुर्च्यांखाली बघ, मागच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे बघ. मी मनात म्हटलं, उद्या हा तांदळाच्या अक्षता मोजणार. दुपार उलटली, पाठवणी आली. दिवस मावळतीचा उजेड, पुढं गाडीपाशी रडारड, आणि मागं लांब आचाऱ्याच्या चुलीपाशी अंधारून आलेलं.

"थांबीव. ह्यो कोण?"

चुलीच्या बाजूला कुणीतरी उभं होतं. पण त्याचं काही कळत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन, सगळं लिबलिबीत, पाणी जास्त झालेल्या पिठासारखं.

"खाल्ला का न्हाई मानूस?" आण्णा मला म्हणाले. खरं होतं ते. रेंडर मारताना मी दर सेकंदाला किती माल ठेवायचा तो आकडा कमी ठेवला होता, आणि आतल्या ग्राफिक्सनं तेवढ्यात भागवायचं म्हणून अंधारातला हा माणूस पुसून टाकला होता. गाडीपाशी रडणाऱ्यांच्या नाकातली नथसुद्धा स्वच्छ दिसत होती, आणि हा गेला होता.

"रॉ काढ," आण्णा म्हणाले.

मी कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडली, त्याच जागेवर नेली आणि तो कोपरा मोठा केला. दादा होते.

सगळा गोतावळा पोरीला निरोप देत असताना बाप एकटाच मागं सरकला होता. फेटा काढून काखेत धरलेला. गाडीकडं बघत नव्हते. सरळ कॅमेऱ्याकडं बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. तसेच जोडून उभे राहिले थोडा वेळ. मग फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि चुलीच्या आड गेले.

आमच्याकडं थोरला भाऊ धाकट्याला हात जोडत नाही. धाकट्यानं वाकायचं, थोरल्यानं "असू दे" म्हणायचं.

आण्णांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला न्हाई केला त्यो नमस्कार."

"मग कुणाला?"

"माज्या मागं कोणतरी उबं असंल. पाव्हणा असंल कोणतरी."

आणि चौकशी सुरू झाली. आचाऱ्याला फोन, "त्या येळंला माज्या मागं कोण हुतं?" तो म्हणाला, "आण्णा, मी चुलीतली लाकडं ओढत हुतो." मांडववाल्याला फोन. बँडवाल्याला फोन, त्याला वाटलं बँडची तक्रार आहे, तो आधीच भांडायला लागला. शेवटी मला आठवलं, आमचा दुसरा कॅमेरा समोरून चालू होता. त्यातला तुकडा फिल्ममध्ये घेतला नव्हता, तो धुळीत होता. काढला. कॅमेऱ्याच्या तिवईपाशी आण्णा एकटे उभे, डोळा नवरीवर. मागं कुणी नाही, नुसता एक ट्रॅक्टर.

"बघा," मी म्हटलं. "ट्रॅक्टर आहे तुमच्या मागं. दादांनी ट्रॅक्टरला हात जोडले म्हणायचं का?"

"दसऱ्याला जोडत्यात की."

"मे महिना आहे आण्णा!"

काकू खुदकन हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. आण्णांनी चष्मा काढला, पुसला, ठेवायला खिसा शोधला. खरंच शोधला. इतक्या वर्षांनी हात छातीवर गेला, आणि तिथं खिसा नाही म्हणून तसाच राहिला.

मग म्हणाले, "ह्ये फिल्ममदी ऱ्हाऊ दे."

"मोठं करून घेऊ? जरा उजेड वाढवते, स्लो मोशन..."

"आजाबात न्हाई. बोट दावू नगंस कुणाला. दादाला लाज वाटंल. हाय तिथंच ऱ्हाऊ दे त्याला, मागं, अंधारात. फकस्त पुसू दिऊ नगंस."

मी तो आकडा चांगला वाढवला. पुन्हा आतल्या ग्राफिक्सलाच काम दिलं. या खेपेलाही भरभर निघाली, फक्त फाइल जड झाली. आण्णांनी आधी विचारलं, "वजन वाढलं का?" मग भिंग घेऊन पाठवणीवर गेले. दादा होते. लहान, अंधारात, पण चेहऱ्यानिशी.

"चांगला हाय गडी," ते प्रोसेसरच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले. "हात आखडून माल दिला तर कोणबी खाणारच." आण्णांच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढं नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही साताऱ्याला आलो. आण्णांचा अजून फोन येतो, आणि मी बरी आहे असं म्हटलं की त्यांना ते खरं वाटत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते त्या दिवशीचे आण्णा, दादा परत निघाले त्या दुपारचे.

माझ्या स्कूटीवर मागं बसून ते स्टँडपर्यंत आले. पेन ड्राइव्ह मुठीत. मला लॅपटॉप घ्यायला लावलेला. ट्रॅव्हल्स लागली होती, सामान चढत होतं. दादा गाडीच्या दाराशी उभे. त्यांच्या शर्टाला दोन खिसे, दोन्ही फुगलेले. आण्णा त्यांच्यासमोर गेले आणि मूठ उघडली.

"फिल्म," ते म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. "हिनं लॅपटॉप आणलाय. हितंच लावून बग, समदं हाय का. मागनं कमी भरलं म्हणू नगंस."

मी बॅगेची चेन उघडायला लागले. दादांनी मला हातानं थांबवलं. पेन ड्राइव्ह उचलला, इकडंतिकडं फिरवून बघितलासुद्धा नाही, आणि वरच्या खिशात टाकला.

"बगायचं न्हाई," ते म्हणाले. "घट धरलीया म्या."

आण्णा खाली वाकले. पायापर्यंत हात पोचायच्या आत दादांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. "असू दे" म्हणायचं होतं बहुतेक, ते काही त्यांना म्हणता आलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दादा चढले. मला रडू आलं, लपवून काय करू, तिथंच स्टँडवर ओढणीनं डोळे पुसत उभी राहिले.

गाडी हलली. फाटकातून वळली, रस्त्याला लागली. आण्णा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि गाडीच्या पाठीकडं बघत दोन्ही हात जोडले. मागून रिक्षावाले ओरडायला लागले. गाडी लहान होत गेली, पार दिसेनाशी झाली, तरी हे हलेनात.

मी जाऊन म्हटलं, "आण्णा, चला. गेली गाडी."

"थांब गं," ते म्हणाले. हात तसेच जोडलेले. "मागच्या काचंतनं बगत असंल त्यो अजून. मला संशय हाय."